सातपुड्यांतील वणवा आणि घर सोडणारीं कुटुंबें

फाल्गुनाच्या उत्तरार्धांत शहादें किंवा तळोदें येथील मनुष्य रात्रीं गच्चीवर उभा राहिला, म्हणजे उत्तरेस सातपुड्याच्या उतारावर त्याला केव्हां केव्हां एक तांबडी रेघ दिसते. ती रेघ क्षणांत वांकते, क्षणांत तुटते, आणि एखाद्या सोंडेपाशीं दोन फांटे होऊन वर चढूं लागते. सपाटीवरील केळीच्या व उंसाच्या मळ्यांतून पाहणाऱ्यास तें दृश्य सुंदरच वाटतें. घरांतील मुलांना हांक मारून तें दाखविण्याचा मोहही होतो. परंतु त्या रेघेच्या वरच्या अंगास एखादें घर असूं शकतें, आणि आधीं गुरें सोडावीं कीं आधीं कणगी उपसावी, हा प्रश्न त्या घरांतील बाईपुढें त्याच क्षणीं उभा असतो. सपाटीवरून रेघ दिसते. ही बाई दिसत नाहीं. वणव्यासंबंधीं जे सरकारी कायदे व नियम गेल्या दीडशें वर्षांत झाले, त्यांच्या कर्त्यांसही ती फारशी दिसली नाहीं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या कागदांत हा प्रदेश पश्चिम खानदेशांत मोडतो, आणि १९०६ पूर्वीं तर खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. तापीच्या उत्तरेस तळोदें, अक्कलकुवा व शहादें या तालुक्यांचा डोंगराळ भाग आणि सबंध अक्राणी तालुका सातपुड्यांत मोडतो. तेथें मुख्यतः भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती आहे. २०११ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लक्ष ४८ हजार भरली. तींत शेंकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. येथलें रान पानझडीचें आहे. साग, सालई, धावडा, अंजन, मोह, टेंभुर्णी हीं झाडें माघापासून पानें टाकूं लागतात, आणि होळीपर्यंत सर्व उतारांवर पाचोळ्याचा थर आणि वाळलेलें गवत यांवांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. म्हणून येथला वणवा झाडांच्या शेंड्यांवरून सहसा धांवत नाहीं. तो जमिनीवरून, पाचोळ्यांतून सरकतो. उतार चढतांना त्याला वेग येतो, उतरतांना तो मंदावतो. डोंगरांतील लहान मुलासही हें ठाऊक असतें, आणि कोणत्या वाटेनें पळावें हें त्यावरूनच ठरतें.

हा वणवा लागतो कसा? आकाशांतून वीज पडून लागणारा वणवा आपल्याकडे विरळाच, कारण विजा चमकूं लागतात तेव्हां रानावर पाऊसही येऊं लागलेला असतो. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाचीं फुलें फाल्गुन-चैत्रांत पहांटे गळतात. तीं पाचोळ्यांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालील पानें जाळून जमीन मोकळी करण्याची रीत जुनी आहे. नवें गवत लवकर फुटावें म्हणून कोणी जुनें गवत पेटवितो. शेताच्या बांधावरील काडीकचरा जाळतांना वारा फिरतो. वाटसरूची विडी असते. यांपैकीं कोणत्याही कृत्यांत दुष्टावा असतोच असें नाहीं. मोहाचीं फुलें हें ज्या घरांत दोन महिन्यांचें अन्न व थोडा रोकड पैसा आहे, तेथें झाडाखालची जमीन झाडून काढण्याचे श्रम वांचविण्याचा मोह होणें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. तथापि ज्यानें दहा हात जागा जाळावयास घेतली त्याच्या हातून शंभर एकर जळतात, आणि त्यांत शेजाऱ्याचें घर जातें, हेंही तितकेंच खरें.

घर म्हणजे काय, हें येथें पाहिलें पाहिजे. डोंगरांतील घराचे खांब लांकडाचे, भिंती म्हणजे बांबूचे कूड, त्यांवर शेणमातीचा लेप, वर गवताचें अथवा कौलांचें छप्पर. एका अंगास माणसें, दुसऱ्या अंगास गुरें. धान्य कणगींत, पुढील पेरणीचें बी वेगळें, राखेंत घोळून ठेवलेलें. चारा अंगणांत किंवा जवळच्या झाडावर रचलेला. असें घर पेटण्यास एक ठिणगी पुरते, आणि पेटलें म्हणजे विझविण्याइतकें पाणी चैत्रांत जवळपास नसतें. झऱ्यावरून दोन हंडे आणावयास अर्धा तास मोडतो. म्हणून घर वांचविण्याचा विचार लोक फार वेळ करीत नाहींत. घरांतील जीव आणि बी वांचविण्याचा करितात.

त्यासाठीं निघण्याचा एक क्रम ठरलेला आहे. प्रथम दावीं कापून गुरें मोकळीं करावयाचीं, कारण बांधलेलें जनावर जागच्या जागीं मरतें आणि सुटलेलें आपली वाट आपण शोधतें. लेंकरें व म्हातारीं माणसें नांगरलेल्या उघड्या शेतांत, अथवा नाल्याच्या दगडी पात्रांत नेऊन बसवावयाचीं. तेथें जळण्यासारखें कांहीं नसल्यामुळें वणवा येत नाहीं. मग बी. मग जमल्यास धान्य, भांडीं, गोधड्या. घरांतील कर्ते पुरुष व बायका यांतून मोकळ्या झाल्या म्हणजे हिरव्या डहाळ्या घेऊन आगीच्या तोंडाशीं जातात, पाचोळा ओढून दोन हात रुंदीची उघडी पट्टी काढतात, आणि वारा अनुकूल असल्यास त्या पट्टीच्या पलीकडे स्वतःच जाळ लावून येणाऱ्या आगीचें भक्ष्य आधींच खाऊन टाकतात. ही शेवटची युक्ति धोक्याची आहे, आणि ती जाणत्या माणसाच्या सांगण्यावांचून कोणी करीत नाहीं.

एका गोष्टीनें या लोकांचें फार रक्षण केलें आहे. भिल्ल-पावरा यांचीं गांवें देशावरच्या गांवांसारखीं घरास घर लागून वसलेलीं नसतात. प्रत्येकाचें घर ज्याच्या त्याच्या शेतांत, टेंकाडावर, एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर असतें. अशा विखुरलेल्या घरांचे पाडे मिळून एक गांव होतें. महसुली अंमलदारांस ही रचना नेहमीं गैरसोयीची वाटत आली. शाळा, नळ, वीज नेण्यास ती अडचणीची आहे यांत संशय नाहीं. पण आग लागली तर एक घर जळतें, फार तर दोन. सबंध गांव जळत नाहीं. आणि जळलेल्याच्या मदतीस येणारे हात शाबूत राहतात.

आतां सरकारनें या बाबतींत काय केलें तें पाहूं. हिंदुस्थान सरकारचें जंगलखातें १८६४ मध्यें डॉ. ब्रँडिस यांच्या देखरेखीखालीं उभें राहिलें. वणव्यापासून रान राखतां येईल, ही गोष्ट त्या काळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांस अशक्य वाटत होती. ती शक्य आहे हें दाखविण्याचा पहिला प्रयोग याच सातपुड्याच्या पूर्वभागीं, मध्यप्रांतांतील होशंगाबाद जिल्ह्याच्या बोरी जंगलांत पिअरसन या अधिकाऱ्यानें केला. रानाभोंवतीं गवत कापून रुंद पट्टे काढणें, उन्हाळ्यापूर्वीं ते जाळून ठेवणें, आणि राखणदार नेमणें ही ती पद्धति. आज वनखात्याच्या मराठींत या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात, आणि सातपुड्यांत त्या अजूनही काढतात. पुढें १८७८ चा व नंतर १९२७ चा जंगल-कायदा झाला. १९२७ च्या कायद्याच्या २६ व्या कलमानें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा ठरला. त्याच कलमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे शहरांतील वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं: आग बुद्धिपुरस्सर किंवा घोर हयगयीनें लागली असेल, तर त्या जंगलांतील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकारास वाटेल तितक्या मुदतीपर्यंत तहकूब करितां येतात. म्हणजे आग एकानें लावावी आणि गुरें सर्वांचीं उपाशीं राहावीं. ज्याचें घर त्याच आगींत गेलें, त्याचेंही.

त्या कायद्याचें ७९ वें कलम याहून मौजेचें आहे. ज्याला जंगलांत कांहीं हक्क किंवा परवानगी आहे त्यानें आणि त्याच्या नोकरानें, तसेंच लगतच्या गांवांतील सरकारी चाकरी करणाऱ्या किंवा गांवच्या कामाबद्दल सरकारी मुशाहिरा घेणाऱ्या इसमानें, वणव्याची खबर लागतांच, कोणी बोलावो वा न बोलावो, तो विझविण्यास धांवलें पाहिजे. न धांवल्यास, मूळ कायद्याप्रमाणें, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड. मनुष्यानें रानासाठीं काय करावें हें कायद्यानें असें स्पष्ट लिहून ठेविलें. रान जळतांना ज्याचें घर जळालें त्याच्यासाठीं कोणीं काय करावें, याविषयीं त्या सबंध कायद्यांत एक ओळ नाहीं. कायदा रानाचा होता, तेव्हां त्यांत घराची अपेक्षा कां करावी, असें कोणी म्हणेल. आक्षेप वाजवी आहे. परंतु रानांतील घर रानापासून तोडून पाहतां येत नाहीं, हीच तर अडचण. जंगलखात्याच्या आंतही सर्वांचें एकमत नव्हतें. ब्रह्मदेशांतील स्लेड नांवाच्या अधिकाऱ्यानें १८९६ मध्यें ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकांत, आगीपासून अति राखण केल्यानें सागाच्या रोपांचें नुकसानच होतें, असें प्रतिपादन केलें होतें. वर्षानुवर्षें न जळलेला पाचोळा साचत जातो आणि मग एकदां पेटला म्हणजे आवरत नाहीं, हें पुढें अनेक देशांनीं अनुभवानें शिकून घेतलें.

जें कायद्यांत नव्हतें तें रूढींत होतें. नर्मदाकांठच्या भिल्ल-भिलाल्यांच्या वस्त्यांत परस्परांच्या कामास बिनमजुरीनें जाण्याच्या प्रथेला ‘लाह’ म्हणतात. घर बांधणें, शेताचा बांध घालणें, पीक काढणें, असें एका कुटुंबास न आवरणारें काम निघालें म्हणजे घरटीं एक माणूस येतो. मजुरी नाहीं, काम करवून घेणाऱ्यानें जेवूं घालावें एवढेंच. वणव्यांत घर गेलेल्या माणसाकडे तर जेवूं घालण्यासही कांहीं नसतें, तेव्हां येणारा आपली भाकर आपण घेऊन येतो. कोणी खांब देतो, कोणी बांबू तोडून आणतो, कोणी गवताचे भारे देतो. भावकींतील एक घर मुलांना ठेवून घेतें, दुसरें गुरांना. उसनें बी मिळतें आणि पुढल्या वर्षीं तितकेंच परत जातें. या सर्वांत कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. आज याचें घर, उद्यां त्याचें, असा तो हिशेब आहे, आणि हिशेब बरोबर ठेवण्याकडे लोकांचें लक्षही असतें. लाहेला जो बोलावूनही येत नाहीं, त्याच्या दाराशीं पुढें कोणी फिरकत नाहीं. या प्रथेला केवळ भोळ्या आदिवासींचें औदार्य समजून तिचें कौतुक करणारे लेखक तिची खरी किंमत कमी करितात. ती विम्याची पद्धति आहे. तिचा हप्ता श्रमांनीं भरावयाचा असतो, आणि तो भरावयास माणूस गांवांत असावा लागतो.

नेमकें तेंच अलीकडे अवघड झालें आहे. पावसाळी पीक निघालें म्हणजे दिवाळीनंतर या डोंगरांतील हजारों कुटुंबें उंसतोडीसाठीं दक्षिण गुजराथेंत जातात, कांहीं इतर मजुरीस सुरतेकडे जातात, आणि साखरकारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर चैत्र-वैशाखांत परततात. म्हणजे वणव्याचे जे महिने, त्याच महिन्यांत पाड्यावर म्हातारीं माणसें आणि त्यांच्यापाशीं ठेवलेलीं मुलें एवढींच उरतात. दार लावलेल्या घराचें दावें कोण कापणार? डहाळी घेऊन आगीच्या तोंडाशीं कोण जाणार? जुन्या व्यवस्थेंत आग विझविणें आणि जळलेलें घर उभारणें हीं दोन्ही कामें एकाच हातांवर अवलंबून होतीं, आणि ते हात आतां दीडशें मैलांवर कोयता चालवीत असतात.

इतर देशांत वणव्यापुढून माणसें हलविण्याचा प्रकार अगदीं निराळा आहे. मे २०१६ मध्यें कॅनडांतील फोर्ट मॅकमरे हें शहर वणव्यानें घेरलें, तेव्हां सुमारें ८८ हजार लोकांना एकाच मुख्य सडकेवरून मोटारींनीं बाहेर काढावें लागलें. नोव्हेंबर २०१८ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत पॅराडाइस हें गांव जवळजवळ सबंध जळालें आणि ८५ माणसें दगावलीं; त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत जानेवारी १९३९ च्या वणव्यांत ७१ माणसें मेलीं, आणि न्यायमूर्ति स्ट्रेटन यांच्या चौकशींत हे वणवे माणसांच्याच हातून लागल्याचें निष्पन्न झालें. त्याच प्रांतांत फेब्रुवारी २००९ मध्यें पुन्हां १७३ माणसें बळी पडलीं. घर सोडून आधींच निघावें, अथवा पूर्ण तयारी करून घराशींच थांबून आगीशीं लढावें, असा सल्ला तोंपर्यंत तेथील लोकांस देत असत. त्यानंतर, लवकर निघून जाण्यावर भर आला. सातपुड्यांतील वणवा या आगींपुढें लहान आहे. येथें मोटारींच्या रांगा लागत नाहींत, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येत नाहींत. एक कुटुंब अर्धा मैल चालत नाल्यांत जाऊन बसतें आणि सकाळीं परत येतें. परत येऊन पाहावयाचें तें मात्र सर्वत्र सारखेंच असतें.

परंतु याच डोंगरांतील लोकांना घर सोडावें लागण्याचा एक दुसरा प्रसंग आला, आणि तो वणव्याशीं ताडून पाहण्यासारखा आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं मिळून ३३ गांवें येणार होतीं. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्यें झाला. अक्कलकुव्यांतील मणिबेली हें गांव प्रथम पाण्याच्या तडाख्यांत सांपडलें. १९९३ च्या पावसाळ्यांत तेथील घरांत पाणी शिरलें. लोकांच्या पुनर्वसनासाठीं तळोदें तालुक्यांतील ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यांत आली, आणि सोमावल, रोझवा अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या रानांतही आधींपासून जमीन कसणारे लोक होतेच. त्यांच्या हातीं कागद नव्हता, एवढेंच.

येथें आगीची आणि पाण्याची रीत उलटी दिसते. आगींत घराचे खांब जळतात, पण शेजारी जागच्या जागीं राहतो, आणि पुढल्या आठवड्यांत नवे खांब उभे राहतात. धरणाच्या वेळीं खांब शाबूत होते. कुटुंबें घरें उकलून सागाचे खांब आणि कौलें घेऊन सपाटीवर आलीं. पण शेजारी दुसऱ्या वसाहतींत, भाऊ तिसऱ्या, कोणी गुजराथेंत, कोणी पाण्याच्या वरच्या अंगास डोंगरांतच राहिलेला. लाहेला हांक मारावी तर ती ऐकूं जाण्याच्या टप्प्यांत कोणी नाहीं. तळोद्याच्या सपाटीवर घरें सरळ रांगांत, जवळजवळ आखून दिलेलीं. खांबाखेरीज इतर सर्व वस्तूंसाठीं मजूर आणि बाजार. नुकसानभरपाईच्या कागदांत जमीन मोजली जाते, झाडें मोजलीं जातात, घराचे खण मोजले जातात. संकटाच्या रात्रीं किती माणसें धांवून येत होतीं, याला रकाना नाहीं. जीं कुटुंबें नदीकांठींच राहिलीं, त्यांनीं आपली जुनी रीत सोडली नाहीं. चिमलखेडी व निमगव्हाण येथें १९९२ च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या, तर अक्राणींतील बिलगांव येथें २००३ मध्यें ओढ्याच्या पाण्यावर चालणारें १५ किलोवॅटचें छोटें वीजकेंद्र उभें राहिलें, तें गांवकऱ्यांच्या बिनमजुरीच्या श्रमांवर. २००६ मध्यें तेंही पाण्याखालीं गेलें.

अलीकडे कायद्याची भाषा कांहींशी बदलली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनवासी कुटुंबांच्या कसत्या जमिनीस व सामूहिक रानास मान्यता दिली, आणि रान राखण्याचा अधिकारही ग्रामसभेस दिला. पूर्वीं जें केवळ दंडाच्या धाकानें करावयाचें होतें तें आतां हक्क म्हणून करावयाचें आहे. आग ही सरकारी मदतीस पात्र असलेल्या आपत्तींच्या यादींत असल्यामुळें, तलाठ्यानें पंचनामा केला म्हणजे घर जळालेल्यास अनुदान मिळूं शकतें. पण पंचनाम्यास जळालेल्या वस्तूंची यादी लागते, ओळखीचे कागद लागतात, आणि ते बहुधा घराबरोबरच गेलेले असतात. धडगांवच्या पलीकडील पाड्यावर अंमलदार पोंचेपर्यंत लाहेचे लोक कूड विणून घर उभें करून मोकळे झालेले असतात, आणि मग जळालेलें घर कोठें आहे असा प्रश्न निघतो. उभें घर दाखवून जळालेल्या घराची भरपाई मागणें हें गरीब माणसास मोठें संकोचाचें काम आहे.

रेघ पाहण्याचें साधनही आतां गच्चीपुरतें राहिलें नाहीं. २००४ पासून देहरादूनची भारतीय वनसर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्यानें देशांतील वणव्यांची ठिकाणें टिपते, आणि २०१७ पासून वापरांत असलेल्या नव्या यंत्रास ३७५ मीटर चौरसाइतक्या भागांतील उष्णता ओळखतां येते. खबर वनरक्षकाच्या मोबाइलवर जाते. त्याच्या हाताखालीं हंगामी मजूर थोडे आणि डोंगर अनेक. तो निघतो, पोंचतो तेव्हां आगीचें तोंड दुसऱ्या सोंडेवर गेलेलें असतें. घराजवळच्या आगीशीं पहिल्या तासांत जें करावयाचें तें पाड्यावरील माणसांनाच करावें लागतें. कांहीं कुटुंबें आतां उंसतोडीस जाण्यापूर्वीं घराभोंवतींचा पाचोळा ओढून जमीन उघडी करून ठेवतात, चारा घरापासून दूर रचतात, आणि बियाणें ज्या घरांत माणूस राहणार आहे त्या घरीं ठेवून जातात. परत येतात तेव्हां मोह गळून गेलेला असतो. जळालें असेल तर मृगाच्या आंत छप्पर घालावयाचें असतें, आणि त्याला महिना-दीड महिना उरलेला असतो.